उजवा कोपरा

लाड सर म्हणतात, तौफिकला कव्हरला घ्या,
कोपऱ्याला उंची कमी पडते.
पुण्याहून आलेला माणूस वहीत लिहितो:
चढाई बरी. मांडीत जोर नाही.
लिलावात नाव घालून बघू.

मला कुणी विचारलं नाही.
पलूसच्या कॉलेजात तीन वर्षं
त्याचा डावा हात माझ्या उजव्यात आहे.
झेपेआधी तो माझी करंगळी दाबतो, एकदाच,
चढाईवाल्याला कळायच्या आत
मला कळतं: घोटा.

फॉर्मवर ‘जागा’पुढं
त्यानं काहीतरी लिहून खोडलं,
पेन माझ्याकडं सरकवलं.
“तूच सांग गड्या, मी कुठला?”
कोपरावरची खपली खाजवत बसला.

मी लिहिलं, उजवा कोपरा.
अक्षर वाकडं आलं.
करंगळी कालच्या मॅचपासून ठणकत होती.