हाताला चार लागतात

खेतवाडीत, बंद पडलेल्या छापखान्याच्या पोटमाळ्यावर
कर्णबधिर मित्रमंडळाचा चॅट सर्व्हर बसतोय.
बसतोय म्हणजे अजून बसलेला नाही.
मी तिसऱ्यांदा कॉन्फिगर चालवते
आणि पडदा हजेरी घ्यायला लागतो.
कंपायलर? आहे.
एसएसएल? आहे.
मायएसक्यूएलच्या हेडर फायली?
नाही.
तिथंच थांबतो. एक पोरगं गैरहजर म्हणून
अख्खा वर्ग उन्हात उभा करणारा मास्तर.

शेजारी स्टुलावर कोयंडेकाका.
चौतीस वर्षं खालच्या खोलीत खिळे जुळवले त्यांनी.
मशीन कधी ऐकू आलं नाही,
तळपायातून यायचं, म्हणतात.
हातांनी म्हणतात. माझ्या खुणा कच्च्या,
अर्धं मी अंदाजानं घेते.

त्यांना ऑप्शन समजावते:
विथ म्हणजे सह, पत्रिकेतल्या सहकुटुंबसारखं.
विदाउट म्हणजे विना,
एसटीच्या पाटीवरच्या विनाथांबासारखं.
काका वहीत दोन रकाने पाडतात.
सह: डेटाबेस, गट, जुने निरोप.
विना: आवाज.
तो ऑप्शन मी खाली मान घालून बंद करते.
त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही.
मलाच वाटतं.

डेटाबेस कशाला? साध्या फायली काय वाईट?
मी कोपऱ्यातली लाकडी केस दाखवते,
खणात खण, खणात अजून शिश्याची धूळ.
काका हसतात. मग तेच मला शिकवू लागतात:
प्रत्येक अक्षराला घर,
अर्ध्या र ला दोन,
एक 'सूर्या'तल्याचं, एक 'तऱ्हे'तल्याचं,
आणि घाईत घरं चुकली
की प्रूफवाला अंगावर यायचा.

रात्री पावणेदहाला बिल्ड लागलं.
काकांनी पहिला शब्द पाठवला: तऱ्हा.
सोळा फोनांवर शाबूत पोचला, मुलुंडपासून माहीमपर्यंत.
मी चहा मागवला.

चौथ्या दिवशी इंदुमती वाघधरेंचा निरोप आला,
'उद्या डोळे तपासायला जातेय'.
एवढाच.
सोळा जणांनी वाचला, सोळा जणांनी बरं म्हटलं.
त्या हॉस्पिटलच्या फाटकाशी
नऊपासून साडेअकरापर्यंत उभ्या राहिल्या
आणि एकट्याच आत गेल्या.

त्यांच्या फोनवर वाक्य पुरं होतं.
मधे हलणारा पिवळा हात,
आणि हातानंतर: कोणी सोबत येईल का?

टेबल मी बांधलं होतं.
देवनागरीच्या अक्षराला तीन बाइट पुरतात,
मी तीनच दिले.
हाताला चार लागतात.
हात मावला नाही म्हणून डेटाबेसनं हात टाकला
आणि हाताच्या मागचं सगळं टाकलं,
हूं की चूं न करता.
इशारा लॉगमध्ये होता म्हणे. लॉग कोण वाचतं?

काकांना सांगितलं. ते उठले,
केसमधून एक खिळा काढला, उलटा धरला,
त्याचा पाय माझ्या तळहातावर दाबला.
दोन बारीक ठसे.
अक्षर संपलं तर आम्ही खिळा उलटा बसवायचो.
कागदावर काळा डाग उठायचा,
वाचणाऱ्याला कळायचं, इथं काहीतरी होतं.
तुझ्या यंत्राला एवढंही येत नाही?

नाही येत, काका.
म्हणजे येतं. कडक मोड चालू केला तर येतं.
मी केला नव्हता.

रात्रीच कॅरेक्टर सेट बदलला, एका शब्दाचं काम.
सर्व्हर परत उठवला. तुटलेलं वाक्य
तुटलेलंच राहिलं, त्याला औषध नाही.

सकाळी इंदुमतीबाईंकडून अकरा हात आले,
एका ओळीत, एकही शब्द नाही.
मी मोजले: चव्वेचाळीस बाइट, सगळे जागेवर.
राग आहे की शाबासकी, काकांना विचारलं.
त्यांनी खांदे उडवले
आणि वही उघडून सहच्या रकान्यात
काहीतरी लिहिलं, मला दिसणार नाही असं.