तीनशे ऐंशी

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगार
माझ्या सत्त्याण्णवच्या एस्टीमची
काळी वायर सोडवतो,
मध्ये मीटर धरतो.
किल्ली खिशात, गाडी बंद,
आकडा तीनशे ऐंशी.

"तिसाच्या आत पायजे.
कोणतरी जागं हाय."

एकेक फ्यूज उपटत जातो.
दिवे नव्हेत. हॉर्न नव्हे.
घड्याळ तर कधीच मेलेलं.
सातव्याला आकडा धपकन खाली.

डॅशबोर्डमागून चोरघंटीची डबी निघते,
तळहातावर कोमट.

"कशापायी बसिवलीती?"

टेपसाठी.
टेप विकून अकरा वर्षं झाली.
त्या चौकोनी भोकात आता
किणी टोलच्या पावत्या,
ही रात्रभर त्यांचीच राखण करते.

पक्कड उघडून तो विचारतो, "तोडू?"

थांब की जरा.
एकदा वाजू दे.