नावं ठेवणं

कागदावर एका ओळीत उरकायचं:
‘नावं वेगवेगळी आहेत असं समजू.’
कुणी हरकत घेत नाही. प्राध्यापक ऊलोसुद्धा
पान उलटून चहाकडे वळतात.

यंत्र मात्र नावं ठेवतं.
‘का समजू?’ विचारतं, तेही लाल अक्षरांत,
आणि बाहेर तार्तूत दुपारी साडेतीनला अंधार,
नदीवर बर्फाचा पातळ पापुद्रा,
अकरावा दिवस, तेच उपप्रमेय:
आतला क्ष बाहेरच्या क्षला गिळतो आहे.

मला हे आधीच कळायला हवं होतं.
माझं नाव हेल्वे, आत्याचंही हेल्वे.
ती गेली त्या वर्षी मी झाले.
नोव्हेंबरात थडग्यावर मेणबत्ती लावताना
दगडावर माझंच नाव.
बाबा हाक मारायचे तेव्हा
कधी कधी मी ओ द्यायचे नाही,
त्यांची नजर माझ्यामागे कुठेतरी असायची.

काल रात्री सगळी नावं खोडली.
उरले आकडे: किती कंस ओलांडले की तुझा धनी.
शून्य म्हणजे हा लगतचा, एक म्हणजे त्यापलीकडला.
नव्या कंसात शिरताना एकेकाला एकाने सरकवायचं,
पण मुक्तांनाच. बद्धांना हात लावायचा नाही.
(इथेच चार दिवस गेले.)

पहाटे विगमनाची शेवटची पायरी त्याला पटली.
लाल गेलं. बाकी काहीच झालं नाही,
हीटर तेवढा खडखडला.
ऊलोंना कळवलं: झालं, आकड्यांनी.
त्यांचं उत्तर आलं: छान.
आता माणसांना वाचता येईल असं कर.
नावं परत ठेव.