उचल

चिंध्यांच्या गाठोड्यात सापडली, म्हणून चिंधी.
डोळे नुकते उघडलेले, कानाला एक गोचीड.
म्हटलं, राहू दे. जागा किती लागणार?

मी दोन वर्षांची होते, तापात पाय गेले.
तेव्हापासून जमीन मला फार लांब.
कात्री पडली की गेली.
बॉबीन घरंगळून उंबऱ्यापाशी थांबायची,
मग वाट बघायची शाळा सुटायची.

शिकवलं असं काही नाही.
ज्वारीच्या भाकरीचा शिळा कोर,
कात्रीच्या कडीला बांधलेली पिवळी नाडी,
आणि "आण" हा एक शब्द.
पहिले दोन महिने ती नुसती भाकर खायची.
तिसऱ्यात टेप आणली, आधी चावून.
त्या टेपवर बावीस ते सव्वीस इंच आजही नाहीत;
गावातल्या बारीक कमरा मी अंदाजानं बेतते.

नंतर मी म्हणायच्या आधीच ती उठू लागली.
कुबडी, चप्पल, वाऱ्यानं उघडलेलं दार.
न्हाणीत घसरले त्या दुपारी
देवकाबाई कोडापेंच्या लुगड्याचा काठ धरून
तिनं त्यांना पऱ्हाटीतून ओढत आणलं.
लुगडं मीच रफू केलं. पैसे नाही घेतले.

घाटंजीच्या कॅम्पला निघाले तर एसटीवाला म्हणाला,
"कुत्र्याले जागा नाई वो बाई."
मग तीनचाकीच, हातानं पायडल मारत नऊ किलोमीटर;
ती कडुनिंबांच्या सावली-सावलीनं.
टेबलामागच्या पोरानं विचारलं, साधनं कोणती वापरता?
कुबडी. तीनचाकी. आणि ही.
त्याचं पेन थांबलं. "हिचा रकाना नाई, ताई."
मग काय वाटलं कोण जाणे,
समासात बारीक लिहिलं: चिंधी.
शिक्का तिच्यावर अर्धाच उमटला.

यंदा तिचे दात गेले.
नाडी तोंडातून सुटते, कात्री वाजते,
ती माझ्याकडे बघून मान फिरवते.
गिऱ्हाइकं म्हणतात, दुसरं पिल्लू पाहा आता,
कोडापेंच्या गोठ्यात पाच झालीत.
मी हो म्हणते. मशीन फिरवते.

दुपारी कोणी नसलं की
अस्तराचा एक तुकडा हातातून सुटू देते,
हलका, कशाच्याच कामाचा नसलेला.
ती उठते. पुढचे पाय आधी,
मग थांबते, मग मागचे.
बारा वर्षांची उचल आहे, फिटायला वेळ लागेल.
तुकडा मांडीवर येतो, ओला.
मी म्हणते, बरं झालं गं,
नेमका हाच शोधत होते.