पानामागे साडेतीन डॉलर

आयोग बसलाय टॅलो काउंटीच्या ग्रंथालयात,
लहान मुलांच्या विभागात, कारण वरचं छत गळतंय.
अकरा सदस्य. खुर्च्या ठेंगण्या.
निवृत्त न्यायाधीश पेल्हम यांचे गुडघे टेबलाच्या वर येतात.
ते गुडघ्यांवरच कागद ठेवून विचारतात :
या राज्यात मृत्युदंड
सगळ्यांना एकाच मापाने मोजून दिला जातो का?

मी कोपऱ्यात. यंत्र तिवईवर.
लॉर्ना टिडवेल, लघुलेखिका, चौतीस वर्षं.
कोण काय बोललं तेवढं मी उतरवते.
खोकला नाही, उसासा नाही,
कुणी पाणी प्यायलं तर तेही नाही.

राजधानीहून प्राध्यापक आलेत, तक्ते घेऊन.
मेलेला गोरा असेल तर इतके फाशी, काळा असेल तर इतके.
नदीच्या अलीकडे सतरा, पलीकडे एकही नाही.
नदी केवढी आहे, कुणीतरी विचारतं.
उन्हाळ्यात घोट्याएवढी, ते सांगतात.
एका शितावरून भात ठरवू नका, म्हणतो एक सदस्य.
मी उतरवते.

आणि मला माझी जुनी बिलं आठवतात.
आम्हाला पानामागे पैसे मिळतात.
त्या वर्षी रस्क भावांचा कुंपणाचा दावा :
सहाशे चाळीस पानं.
एक म्हणे खांब पीकनच्या झाडाअलीकडे, दुसरा म्हणे पलीकडे.
नऊ साक्षीदार, दोन मोजणीदार,
झाडाचं वय सांगायला एक तज्ज्ञ.
त्या पैशांतून मी स्वयंपाकघराची फरशी बदलली.

त्याच वर्षी डॅरिल व्हिटलो.
गुन्हा शाबीत झाला होता. ठेवावा की मारावा,
एवढंच ठरवायची ती दुपार :
एकतीस पानं.
त्यातली चार ज्युरीला द्यायच्या सूचना, त्या छापीलच असतात.
बचावाचा साक्षीदार एक, शाळेतला फुटबॉलचा प्रशिक्षक,
त्याला डॅरिलचं आडनाव आठवेना.
शुक्रवार होता.
एकशे आठ डॉलर पन्नास सेंट.
त्यांचं काय घेतलं, आठवत नाही.

एक गोष्ट त्या एकतीस पानांत नाही.
तिसऱ्या बाकावर त्याची आई, ओपल,
हात वर करून बसली होती.
शाळेत पोरं करतात तसा,
दुखायला लागल्यावर दुसऱ्या हाताने कोपर धरून.
किती वेळ? माझ्याकडे घड्याळ नव्हतं.
अकराव्या पानापासून सव्विसाव्या पानापर्यंत.
न्यायाधीशांनी पाहिला. वकिलाने पाहिला आणि चष्मा पुसला.
मीही पाहिला.

आज दुपारी जून लॅथमची मुलगी बोलली.
जून जिथे मेली तो पेट्रोलपंप, तिथे आता टायरचं दुकान आहे.
ती म्हणाली, मला त्याची कीव येत नाही.
मग बराच वेळ काही नाही.
(हे काही नाही कागदावर येत नाही.)
मग म्हणाली, पण उरकलेलं काम
माझ्या आईच्या नावावर मांडू नका.

अहवाल डिसेंबरात. डॅरिलची तारीख नऊ ऑक्टोबर.
ही दोन वेगळी खाती आहेत, सचिव समजावतात.
स्थगितीचा ठराव दोन मतांनी पडला,
ती बैठक माझ्याकडे नव्हती.

आणखी कुणाला काही सांगायचंय?
न्यायाधीश कागद गोळा करतायत.
शेवटच्या रांगेत, मुलांच्या नकाशाखाली,
चालायच्या चौकटीला टेकून ओपल.
हात वर. दुसऱ्या हातात कोपर.

चौतीस वर्षांत मला एकच वाक्य
मोठ्याने बोलायची मुभा आहे.
खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकं शांत आहे.
मी बोटं उचलते आणि म्हणते :
माफ करा, मला ऐकू आलं नाही.

अकराही जण मान वर करतात,
आणि मी पाहतेय तिकडे पाहायला लागतात.