डावीकडची खोली

मारुती रोडच्या आत,
कात्र्यांना धार लावायच्या दुकानामागं
नौशाद शिकलगारच्या घरी टीव्हीगेम आला
तेव्हा मी सातवीत होते.
मिरज स्टेशनाबाहेर त्याच्या मामानं
कुणाकडून तरी दोनशे साठला घेतलेला.
सोबत एकच कॅसेट, पिवळी.
वरच्या फाटक्या कागदावर एक पोरगा, एक तलवार
आणि खाली हुकांसारखी, छपरांसारखी अक्षरं,
जी सांगलीत कुणालाच येत नव्हती.

रिमोट एकच चालायचा. तो नौशादचा.
मग मी वही घेतली, गणिताची, चौकटीची.
एक पडदा म्हणजे एक चौकट.
झाडं हिरव्या स्केचपेननं, पाणी निळ्यानं,
जिथं मेलो तिथं बॉलपेननं फुली.

गुहेत एक म्हातारा बसायचा.
जवळ गेलं की तीन ओळी बोलायचा.
काय बोलतो ते आम्हीच ठरवलं :
"जेवलास का रं?"
दुकानातली बाई म्हणायची, "सुट्टे नाहीत."
शेवटच्या राक्षसाला आम्ही
लाईटबिलवाल्याचं नाव दिलं होतं.

दस्तगीरचाचा कधीतरी मागं येऊन उभे राहायचे,
नखांत सहाणेची राखाडी पूड.
पडद्यावरची तलवार म्हणजे सात ठिपके,
त्यातला एक मूठ.
बराच वेळ बघून म्हणायचे,
"मूठ लई हलकी हाय. मनगट जाईल पोराचं."
आणि परत चाकाकडं.
चाकाची मोटार सुरू झाली की
पडद्यावर आडव्या रेषा उसळायच्या,
भुतं कुठं, भिंत कुठं, काही कळायचं नाही.
गिऱ्हाईक गेलं की जग परत जागेवर.
लग्नसराईत शिंप्यांची रांग लागायची
तेव्हा आमचा पोरगा
पंधरा पंधरा दिवस दारातच उभा.

मेलं की बत्तीस अक्षरं यायची.
जशीच्या तशी उतरवली
तर उद्या तिथूनच पुढं.
उतरवायचं काम माझं.
एकीला मी विळी म्हणायचे, एकीला कंगवा,
एकीला वाकलेली किल्ली.
इतकं जपून मी नंतर
स्वतःचं नावसुद्धा कधी लिहिलं नाही.

एका मंगळवारी, एकच खोली उरलेली असताना,
अक्षरं अर्धी उतरली आणि लाईट गेली.
बाकीची मी आठवून लिहिली.
विळीच्या जागी कोयता.
तीन महिने, अकरा किल्ल्या, निळी ढाल.
नौशाद काही बोलला नाही.
त्यानं कॅसेट काढली, फुंकर मारली,
परत घातली, परत काढली.
चाचा दारातून म्हणाले, "किती राहिलं होतं?"
"एक खोली," मी म्हटलं. "डावीकडची."

पुढं ते इचलकरंजीला गेले.
मी तलाठी झाले.
एकोणीसच्या पुरानंतर चिखलातनं घरोघर फिरून
भांडी, गाद्या, शेळ्या लिहीत होते.
माझ्या घराचा पंचनामा दुसऱ्यानं केला,
त्यात वही नाही.
ती पेटीतनं निघाली तेव्हा
हिरवा निळ्यात उतरला होता,
झाडं होती तिथं सगळं पाणीच.
फुल्या तेवढ्या शाबूत.

त्या रात्री मी नौशादला फोन केला,
चौदा वर्षांनी.
घर कसं आहे, पाणी कुठवर आलं, सगळं विचारून झालं.
मग म्हटलं, ती खोली आठवते?
"कुठली? डावीकडची?
अगं, ती उघडली की मी.
तुझी दहावी चालू होती. पहिल्यापासनं खेळलो, एकटा."

काय होतं आत?

तिकडं कुणीतरी ताट ठेवल्याचा आवाज आला.
"कुणास ठाऊक. अब्बांनी नेमकी मोटार लावली.
नुसत्या रेषा."

वही उन्हात वाळत होती.
दुसऱ्या दिवशी, ऑफिसला निघायच्या आधी,
त्या एका कोऱ्या चौकटीत
मी आडव्या रेषा मारल्या.
पट्टी न घेता.