बघू की

गुळाच्या सौद्याला अजून अर्धा तास आहे.
मार्केट यार्डात, अण्णांच्या गाळ्यावर,
तीस किलोच्या रव्यांना पाठ लावून
मी सिंगापूरच्या एका बँकेचा फॉर्म भरते आहे.
सतरावा रकाना: मँडरिन किती येते?
अस्खलित. कामापुरती. नाही.

अण्णा चष्म्यावरून बघतात.
‘कामापुरती म्हंजे?
काम केवढं हाय, त्यावर ठरणार की.’

हाँगकाँगला पाच वर्षं
कंपन्यांच्या किमती मी काढल्या,
रात्री तीनला, बत्तिसाव्या मजल्यावर.
आकड्यांना उच्चार नसतो, ते एक बरं.
सकाळी त्याच किमती लिन बोलायची.
गिऱ्हाईक हसायचं, तीही हसायची,
मी एक सेकंद उशिरा.
त्या एका सेकंदाचा हिशेब
दर जानेवारीला बोनसमधून वळता व्हायचा.

रविवारी क्लास. बाई म्हणायच्या, ‘माय’:
सूर खाली जाऊन वर आला तर विकत घेणं,
वरून खाली आपटला तर विकणं.
माझ्या तोंडात दोन्हींची
नुसती आई व्हायची.
अक्षरंही जुळी,
फक्त विकण्याच्या डोक्यावर अधिकची खूण.
फोनवर सांगितलं तर अण्णा म्हणाले,
‘मग बरोबर हाय.
वर कायतरी चढवल्याबिगर कोण विकतंय?’

अण्णांना गुजराती येते, अहमदाबादच्या पेढ्यांमुळं.
कन्नड येते, संकेश्वरच्या ट्रकवाल्यांमुळं.
आणि रुमालाखालची भाषा येते,
जी आता कुणी बोलत नाही:
बोट धरलं की शंभर, पेर दाबलं की पन्नास.
वर दोघं पाऊसपाण्याचं बोलत राहायचे,
खाली हात भांडायचे.

मी पुण्याला पहिल्या दिवशी ‘मी जातो’ म्हणाले
तेव्हा अख्खं हॉस्टेल हसलं होतं.
‘जाते’ शिकायला एक सत्र लागलं.
चिनी सूर पाच वर्षांनीही कच्चेच.

डोंग्वानचा तो कारखानदार.
गोल टेबल, फिरणारी काच,
वाफवलेला मासा, तोंड पाहुण्याकडं केलेला.
आमचा साहेब विलायतेत चिनी शिकलेला,
सुवर्णपदकवाला.
कारखानदार म्हणाला, ‘येन्ज्यू येन्ज्यू.’
अभ्यास करू, विचार करू.
साहेबानं वहीत टिपलं: विचार चालू आहे.
मी शब्द अर्धाच पकडला.
पण शेवटच्या ‘ज्यू’ला जी ओढ होती
ती मला पाठ होती.
शाहूपुरीत उधारी मागायला गेलेल्या माणसाला
चहा पाजून जी देतात, तीच:
‘बघू की.’

मी लिनकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.
तिला कळलं होतं.
मला कळलंय, हेही तिला कळलं.
तिनं साहेबाच्या कपात चहा ओतला
आणि काही बोलली नाही.
मीही नाही. मी कोण बोलणारी?
साहेब चार महिने वाट बघत बसला.
मार्चमध्ये लिन व्हाइस प्रेसिडेंट झाली.
एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर पांढरं पाकीट.
लिफ्टपर्यंत ती सोडायला आली, म्हणाली,
तुझे सूर भयंकर आहेत. कान चांगला आहे.
दार मिटेपर्यंत
हे कौतुक होतं की माफी, ठरलं नाही.

दुंडाप्पा हमाल रवे रचतो आहे.
अण्णा सुरीनं एकाचा कोपरा उडवतात,
जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात.
‘खारट. नदीकाठचा ऊस.’
आणि शेतकऱ्याचं नाव सांगतात.
मी ‘कामापुरती’वर बोट ठेवते, काढते.

बाहेर माणसं जमायला लागतात.
‘मग? जाणार हाईस परत?’

‘बघू की.’

कुठला सूर लागला, माझं मलाच कळत नाही.
अण्णा जरा थांबतात.
मग खांद्यावरचा टॉवेल झटकून
पुढच्या ढिगाकडं जातात.